मॉरिशस : उसापलीकडचे बेट

पहिला दिवस : माहेबूर

मुंबईहून निघालेले विमान मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याकडे उतरू लागले, तेव्हा खिडकीतून सर्वांत आधी दिसली ती बेटाला वळसा घालून गेलेली लाटांची पांढरी रेघ. ही प्रवाळाची कड. तिच्या आत उथळ, हिरवट निळे पाणी, बाहेर एकदम गडद समुद्र, आणि जमिनीवर डोंगरांच्या पायथ्यापर्यंत ऊसच ऊस. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ निम्मे. इथल्या किनाऱ्यांविषयी आणि हॉटेलांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आणि ताई ऑक्टोबरात इथे आलो ते बेटाची मूळची झाडे आणि प्राणी पाहण्यासाठी, त्यामुळे या टिपणांत भर त्यांच्यावरच आहे.

विमानतळावरून माहेबूर गावाकडे जाताना उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे उंच ढीग लागतात. शेत मोकळे करण्यासाठी आधी गुलामांनी आणि १८३४ पासून भारतातून आणलेल्या गिरमिटिया मजुरांनी हे दगड हातांनी वेचले. त्या मजुरांत कोकणातून आणि देशावरून आलेली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांची वस्ती आजही बेटावर आहे आणि गणेशचतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. ताईने गाडी थांबवायला लावली आणि एका ढिगाजवळ जाऊन दगड हातात घेतला. बारीक भोके असलेला, जड, काळा बसाल्ट. ‘‘अगं, हा तर आपल्या सह्याद्रीचाच कातळ,’’ ती म्हणाली.

तिचे म्हणणे भूशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतावरून उत्तरेकडे सरकत होता, त्यातून दख्खनचे लाव्हाचे थर साचले. तोच स्रोत आज रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे. मधल्या काळात त्याच्यावरूनच लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या बुडाशी असलेली पाण्याखालची डोंगररांग घडली आणि सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले. महाबळेश्वरचा कडा आणि मॉरिशसचा डोंगर यांना जन्म देणारी भट्टी एकच आहे.

दगडाचे नाते असे खरे निघाले. झाडा-पाखरांची ओळख मात्र फसवी निघाली. संध्याकाळी उतरलेल्या घराच्या अंगणात साळुंक्या भांडत होत्या, तारेवर शिपाई बुलबुल बसला होता, किनाऱ्यावर सुरूची झाडे सळसळत होती आणि रस्त्याकडेला घाणेरी फुलली होती. कोकणातल्या एखाद्या गावात बसल्यासारखे वाटत होते. पण यांतले काहीही इथले नाही. साळुंकी १७६० च्या दशकात फ्रेंचांनी टोळांच्या बंदोबस्तासाठी पुदुच्चेरीहून आणली. शिपाई बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. १९०० च्या सुमारास उंदीर आवरण्यासाठी मुंगूस आणला गेला. त्याने उंदरांबरोबर पक्ष्यांचाही फडशा पाडला. सांबराच्या कुळातले हरीण डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणले. माकडे, डुकरे, मांजरे आणि उंदीर जहाजांबरोबर पोचले. डच इथे पहिल्यांदा उतरले १५९८ मध्ये. तोपर्यंत या बेटावर माणसाची कायमची वस्ती नव्हती आणि वटवाघळे सोडली तर जमिनीवर एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यानंतरच्या सव्वाचारशे वर्षांत चांगल्या स्थितीतले मूळचे जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. डोळ्यांना सुखावणारी बाकीची हिरवाई बहुतेक बाहेरून आलेली आहे.

दुसरा दिवस : ईल ओझेग्रेत

माहेबूरच्या दक्षिणेला पॉइंट जेरोमहून होडीने काही मिनिटांत या बेटावर जाता येते. विस्तार अवघा २६ हेक्टर. मुख्य बेट बसाल्टचे असले तरी हे छोटे बेट प्रवाळाच्या चुनखडीचे आहे. वाऱ्यापाण्याने झिजलेला तो खडक पायाखाली इतका धारदार लागतो की आखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकण्याचा मोह आपोआप गळून पडतो. १९६५ मध्ये याला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि १९८० च्या दशकापासून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था त्याची देखभाल करते. मॉरिशसच्या कोरड्या किनारी जंगलाचा शेवटचा बरा तुकडा इथेच उरला आहे. संस्थेच्या वाटाड्याबरोबरच फिरावे लागते आणि ते योग्यही आहे, कारण त्याने बोट दाखवल्याशिवाय निम्म्या गोष्टी दिसल्याच नसत्या.

वाटेवर शिरताच दोन्ही बाजूंना बुटकी, दाट, काळपट खोडांची झाडे लागतात. हा इथला आबनूस. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलाच, पण जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारा. त्याच्या खोडाचा गाभा शाईसारखा काळा आणि जड असतो. त्या गाभ्यासाठीच डचांनी मुख्य बेटावरचे आबनूस तोडून युरोपला पाठवले. या छोट्या बेटावरचेही जळणासाठी पुष्कळ तुटले. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश सैन्याचा तळ होता, तेव्हा आणखी काही जमीन मोकळी झाली. तोफांची बैठक आजही झाडीत उभी आहे.

आबनुसाची गोष्ट कासवाशिवाय पुरी होत नाही. मॉरिशसवर पूर्वी महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या. एक गवत चरणारी, दुसरी मान उंच करून झुडपांचा पाला खाणारी. खलाशांनी ती जिवंतच जहाजांवर चढवली, कारण महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय जगणारे ताजे मांस दुसरे नव्हते. दोन्ही जाती संपल्या. आबनुसाची जाड, गरयुक्त फळे तशीच झाडाखाली पडू लागली आणि आईच्या सावलीत उगवलेली रोपे खुरटू लागली. म्हणून २००० मध्ये इथे सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावरची महाकाय कासवे आणून सोडण्यात आली. नामशेष झालेल्या प्राण्याचे काम त्याच्या दूरच्या नातलगाकडे सोपवण्याचा हा प्रयोग होता आणि तो फळाला आला. कासवाच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात आणि ते चालेल तिथे पसरतात, हे इथल्या अभ्यासातून दिसून आले आहे.

हे सारे आम्हांला एका वळणावर प्रत्यक्ष पाहायला मिळाले. वाटेच्या मधोमध एक भले मोठे कासव पडलेला पाला खात होते. त्याला कसलीही घाई नव्हती. मान पुढे काढायची, जबड्याच्या कडेने पान कापायचे, दोनतीनदा गिळायचे आणि पुन्हा मान पुढे काढायची. ताई गुडघ्यावर बसली तेव्हा त्याने एकदा डोळा फिरवून तिच्याकडे पाहिले आणि पुढच्या पानाकडे वळले. त्याच्या मागे वाटेवर पडलेली वाळकी विष्ठा वाटाड्याने काडीने उकलून दाखवली. गवताच्या धाग्यांत गुंडाळलेल्या तपकिरी, चपट्या, गुळगुळीत बिया होत्या. त्याच वाटेच्या कडेला, कोणी लावलेली नसताना, आबनुसाची बोटभर उंचीची रोपे ओळीने उभी होती. कोवळे पान लालसर, शिरा ठळक. इतक्या वर्षांनी या झाडाची पुढची पिढी पुन्हा आपली आपण जमिनीतून वर येते आहे, हे पाहताना मला फार समाधान वाटले.

पुढे फांदीवर, हात उंचावला तर लागेल एवढ्या अंतरावर, गुलाबी कबूतर बसले होते. आपल्याकडच्या पारव्यापेक्षा मोठे; डोके आणि छाती फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपटी विटकरी. पायांत रंगीत कडी, म्हणजे हा पक्षी कोण, कोठे जन्मला, हे नोंदवहीत सापडते. १९९० च्या सुमारास रानात या जातीचे दहाच्या आसपास पक्षी उरले होते. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या पक्ष्यांमुळे आज ही संख्या काही शेकड्यांत आहे. ते माणसाला अजिबात घाबरत नाही. शत्रू नसलेल्या बेटावर लाखो वर्षे काढल्यावर भीती उरत नाही, आणि इथल्या डोडो या पक्ष्याच्या नाशाला हीच निर्भयता कारण झाली.

मुख्य बेटापासून दूर, उत्तरेकडच्या राऊंड आयलंडवर टिकून राहिलेली एक मोठी सापसुरळीही इथे आणून सोडली आहे. ती पायाशी येऊन पानांखालचे किडे शोधत होती. केवड्याच्या कुळातल्या एका झुडपाच्या काटेरी पानांत हिरव्या-निळ्या अंगावर लाल ठिपके असलेली दिवसा फिरणारी पाल लपली होती. इथल्या पाली फुलांतला मध चाटतात आणि परागीभवन करतात. सुगरणीच्या कुळातला लालबुंद डोक्याचा फोडी आणि इथला चष्मेवालाही दिसला.

परतताना होडीतून वाटाड्याने पॉइंट देस्नीची दिशा दाखवली. २५ जुलै २०२० रोजी तिथल्या प्रवाळाच्या कडेवर ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन इंधन तेल समुद्रात गेले. ते या बेटाच्या किनाऱ्यापर्यंत आले. लोकांनी उसाचे पाचट कापडी पोत्यांत भरून, त्यांचे लांबलचक अडसर शिवून पाण्यावर टाकले. ज्या उसाने या देशाचे जंगल गिळले, त्याचेच पाचट त्या आठवड्यांत समुद्र वाचवण्यासाठी कामी आले.

तिसरा दिवस : क्यूरपीप, पेत्रँ आणि माकाबे

मध्यावरच्या पठाराकडे चढताना हवा पालटते. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला जेमतेम ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पठाराच्या माथ्यावर तो ४,००० मिलिमीटरच्या घरात जातो. क्यूरपीपला आम्ही उतरलो तेव्हा धुके होते.

तिथल्या वनस्पती उद्यानात कुंपणाच्या आत, लोखंडी आधाराला टेकून एक सडपातळ, उंच ताड उभा आहे. त्या जातीचा जगातला हा एकमेव वृक्ष. नर आणि मादी फुले एकाच झाडावर येतात, पण एकाच वेळी उमलत नाहीत, त्यामुळे फळ धरणे अवघड. आणि धरलेल्या फळांतल्या बियांपासून प्रयोगशाळेत केलेली रोपे फार काळ जगलेली नाहीत. आम्ही तिथे थोडाच वेळ थांबलो. ताई परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलली नाही.

पेत्रँपासून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान सुरू होते. १९९४ मध्ये घोषित झालेले हे उद्यान सुमारे ६,५०० हेक्टरांचे आहे, म्हणजे बेटाच्या जमिनीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीचा भाग पाहून कोणाचाही गैरसमज होईल की हेच ते आदिम जंगल. बोटभर जाडीच्या, गुळगुळीत तांबूस सालीच्या शेकडो काठ्या जमिनीतून सरळ वर आलेल्या आणि त्यांच्या चकचकीत पानांचे छप्पर इतके घट्ट की खाली गवताची काडी नाही. हा चिनी पेरू, मूळचा ब्राझीलचा. इथल्या लोकांना त्याची आंबटगोड लाल फळे फार आवडतात आणि हंगामात घरची घरे पिशव्या घेऊन ती तोडायला येतात. पण माकडे, डुकरे आणि बुलबुल तीच फळे खाऊन बिया रानभर पसरवतात, आणि पेरूच्या दाटीत मूळच्या झाडाचे रोप उभेच राहू शकत नाही. वरची जुनी झाडे अजून उभी आहेत म्हणून जंगल जिवंत भासते. प्रत्यक्षात त्यांच्या खाली त्यांची मुले नाहीत.

माकाबेच्या वाटेवर तारेचे कुंपण लागते आणि त्याच्या आत पाऊल टाकताच फरक जाणवतो. हरणे आणि डुकरे बाहेर ठेवलेली, पेरू आणि प्रिव्हेट हे दुसरे परके झुडूप मुळासकट उपटून काढलेले. १९३७ मध्ये व्हॉन आणि व्हिये या वनस्पतिशास्त्रज्ञांनी माकाबेच्या जंगलाचा तुकडा आखून त्यातले झाड अन्‌ झाड नोंदवले होते, आणि आज मूळचे जंगल कसे होते हे ठरवताना त्या नोंदींचाच आधार घेतला जातो. कुंपणाआड पायाखाली नेचे, शेवाळ आणि डझनभर प्रकारची कोवळी रोपे होती. ताईला इथे एकामागून एक नातलग भेटत गेले. फांदी मोडली की डिंकाचा उग्र सुवास येणारा कोलोफान हा आपल्या धुपाच्या झाडाचा भाऊबंद. तातामाका हा उंडीच्या कुळातला, तसाच जाड, समांतर शिरांचा पाला असलेला. बकुळीची इथली बहीणही दिसली. मॉरिशसवर सुमारे ६९० जातींच्या फुलझाडांची मूळची नोंद आहे आणि त्यांतल्या ४० टक्क्यांच्या आसपास जाती फक्त याच बेटावर आहेत. आपल्याकडे ओळखीची असलेली कुळे समुद्राने वेगळी पाडली की काय काय रूप घेतात, ते या एका वाटेवर पाहायला मिळते.

तांबालाकोक हे झाडही तिथेच पाहिले. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय याची बी रुजत नाही आणि म्हणून तीनशे वर्षांत एकही नवे झाड झालेले नाही, असा दावा १९७७ मध्ये एका अमेरिकी शास्त्रज्ञाने केला आणि तो जगभर गाजला. पुढे त्याहून तरुण झाडे आढळली आणि बी पक्ष्याविनाही रुजते हे दिसून आले. गोष्ट मोठी सुंदर होती, पण खरे कारण पेरू, माकडे आणि डुकरे हेच आहे, आणि त्यावर माणूस काही करू शकतो.

शेवटी दरीच्या कड्यावर पोचलो. खाली हिरवे उतार नदीच्या पात्राकडे उतरत गेलेले, पलीकडे पश्चिमेचा समुद्र. दरीत पांढऱ्याशुभ्र पक्ष्यांची एक जोडी घिरट्या घालत होती; त्यांच्या शेपटीची दोन पिसे अंगाहूनही लांब. मॉरिशसच्या विमानांवर याच पक्ष्याचे चित्र असते. तो समुद्रात मासे पकडतो, पण घरटे दरीच्या कपारीत करतो. पोपटांचाही एक थवा ओरडत गेला. हा इथला हिरवा इको पॅराकीट, आपल्या पोपटाचा अगदी जवळचा नातलग. १९८० च्या दशकात तो जवळपास संपला होता. आता सातशेच्या वर आहेत. पिंजऱ्यांतून सुटलेला आपला पोपट मात्र ढोलीसाठी त्याच्याशी भांडतो.

अंधार पडता पडता मोठी वटवाघळे दरीतून वर आली, मानेभोवती सोनेरी लोकर असलेली. जंगलातल्या मोठ्या फळांच्या बिया पसरवणारा बेटावरचा हा एकमेव मोठा प्राणी उरला आहे. लिची आणि आंब्याच्या बागांचे नुकसान होते म्हणून २०१५ पासून सरकारने त्यांना मारण्याच्या मोहिमा काढल्या आणि हजारो मारली गेली. बागायतदाराचे नुकसान खरे आहे, हे मी जाणते. तरीही झाडांवर जाळी घालण्याचा उपाय हाताशी असताना बिया पेरणाऱ्या या प्राण्याचा जीव घेणे मला चुकीचेच वाटते.

चौथा दिवस : शामारेल आणि ल मॉर्न

शामारेलची सप्तरंगी माती सगळे पाहतात, आम्हीही पाहिली. लाव्हाचा खडक उष्ण दमट हवेत कुजत गेला, त्यातला विरघळणारा भाग वाहून गेला आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यांचेच हे तांबडे, जांभळे, पिवळे पट्टे. आपल्या जांभा दगडाची घडण अशाच प्रक्रियेतून होते. माझ्या मते, इथे आलेल्याने तासभर काढून जवळच्या एबनी फॉरेस्टमध्ये जावे. २००५ पासून तिथे परकी झाडी काढून मूळची रोपे लावण्याचे काम चालू आहे आणि वरच्या टेहळणीच्या जागेवरून साफ केलेला पट्टा आणि न केलेला पट्टा शेजारी शेजारी दिसतात. ट्रॅव्हलर्स पाम या मादागास्करच्या वनस्पतीचे उंच पंखे जिथे दिसतात, तो साफ न केलेला पट्टा.

दुपारी ल मॉर्न. समुद्रातून उभा राहिलेला ५५६ मीटर उंचीचा हा बसाल्टचा कडा पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. २००८ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. चढाच्या वरच्या टप्प्यात हातांनी धरून चढावे लागते आणि तिथेच, उघड्या कातळाच्या फटीत, आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो ते झुडूप भेटले. मॉरिशसचे राष्ट्रीय फूल त्रोशेशिया. जंगली अवस्थेत ते केवळ याच डोंगरावर उगवते. हंगाम संपत आला होता, तरी तीन-चार फुले होती. पानांची खालची बाजू लवदार, राखट. फूल खाली मान घातलेल्या घंटेसारखे, लालसर गुलाबी. ताईने देठ न हलवता खालून पाहिले. पाकळ्यांच्या बुडाशी मधाचा थेंब होता आणि तो थेंब तांबडा होता. रंगीत मध ही जगात क्वचित आढळणारी गोष्ट आहे, आणि रंग ओळखणाऱ्या पालींना तो खुणावतो असे प्रयोगांत दिसले आहे. प्लेन शाँपेनच्या पठारावर याच फुलाच्या दुसऱ्या जातीवर झालेल्या अभ्यासात आढळले की केवड्याच्या दाटीजवळ असलेल्या झुडपांना अधिक फळे धरतात, कारण पाली ससाण्याच्या भीतीने केवड्याच्या काट्यांत राहतात आणि तिथून जवळच्याच फुलांकडे जातात. म्हणजे केवडा तोडला तर पाल जाईल आणि पालीपाठोपाठ फूलही जाईल.

पाचवा दिवस : पांपलमूस आणि पोर्ट लुई

उत्तरेकडे जाताना उजवीकडे पीतर बोथचा सुळका दिसतो, माथ्यावर भला मोठा धोंडा तोलून धरलेला. पांपलमूसचे वनस्पती उद्यान अठराव्या शतकात पिएर प्वाव्र यांनी जायफळ-लवंगेच्या रोपांसाठी नावारूपाला आणले. प्रचंड पानांची ॲमेझॉनची कमळे पाहण्याजोगी आहेत, पण इथली झाडे जगभरातून गोळा केलेली असल्यामुळे आमच्या शोधात त्यांचा वाटा थोडा होता. अपवाद बॉटल पामचा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत मिळणारा, बुंधा बाटलीसारखा फुगलेला हा ताड मूळचा राऊंड आयलंडचा. तिथे सोडलेल्या शेळ्या-सशांनी रोपे खाऊन टाकल्याने एके काळी रानात त्याची दहाहूनही कमी झाडे उरली होती. शेळ्या १९७९ मध्ये आणि ससे १९८६ मध्ये हटवल्यावर नवी रोपे उगवू लागली.

पोर्ट लुईच्या निसर्ग-संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे, एकाच पक्ष्याच्या हाडांचा, जवळपास पूर्ण. डोडो हा कबुतराच्याच वंशातला. त्याचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग निकोबार कबूतर, म्हणजे आपल्या अंदमान-निकोबारचा रहिवासी. १६६२ नंतर डोडो पाहिल्याची खात्रीची नोंद नाही.

सहावा दिवस : ग्री ग्री आणि फेर्ने

सकाळी दक्षिण टोकाला सुयाकजवळ ग्री ग्रीला गेलो. बेटाभोवतीची प्रवाळाची कड इथे तुटलेली आहे, त्यामुळे खुल्या समुद्राच्या लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच समुद्राचा आवाज कानठळ्या बसवणारा वाटला, आणि प्रवाळ बाकीच्या किनाऱ्याला केवढे सांभाळून आहे ते कळले.

दुपारी फेर्नेच्या दरीत मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा पाहायचा होता. १९७४ मध्ये जगात या ससाण्याचे रानातले फक्त चार पक्षी माहीत होते. जंगलतोड, माकडे, मुंगूस आणि डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी यांनी त्याला तिथवर आणले. १९७९ मध्ये आलेल्या कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने घरट्यातली पहिली अंडी काढून उबवणयंत्रात ठेवायला सुरुवात केली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिल्ले वाढवून परत रानात सोडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच बांबूस डोंगररांगेत, जिथून तो नाहीसा झाला होता, त्याला नव्याने वसवले. आज बेटावर काही शेकडा पक्षी आहेत.

वाटाड्याने शिट्टी घातली आणि हात वर करून मेलेला पांढरा उंदीर दाखवला. काही क्षण काहीच झाले नाही. मग झाडीतून तपकिरी काहीतरी खाली आले, आमच्या डोक्यावरून हातभर अंतरावरून गेले आणि वर फांदीवर बसले तेव्हा उंदीर त्याच्या पायात होता. पोट पांढरे, त्यावर गोल काळे ठिपके, पंख आखूड आणि गोलसर. उघड्या माळावर घिरट्या घालणाऱ्या आपल्याकडच्या केस्ट्रेलचे पंख लांब, टोकदार असतात; याला झाडांच्या दाटीतून वळत पालीचा पाठलाग करावा लागतो. त्याने फांदीवर चोच घासली आणि खायला सुरुवात केली.

दरीतल्या रोपवाटिकेत आबनूस, बकुळीचे भाऊबंद आणि दोन जातींचे ताड पिशव्यांत रांगेने लावलेले होते. कामाची पद्धत वाटाड्याने सविस्तर सांगितली. सगळा पेरू एकदम काढला तर उन्हामुळे घाणेरी आणि गवत माजते, म्हणून पट्ट्यापट्ट्याने काढायचा. आधी लवकर वाढून सावली धरणारी मूळची झाडे लावायची, त्यांच्या आडोशाला सावकाश वाढणारे आबनूस. पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक पट्ट्यात फिरून पेरूची नवी रोपे हाताने उपटायची, कारण जमिनीत बी असते आणि बुलबुल रोज नवे आणून टाकतात. लागवड डिसेंबरनंतर, इथला उन्हाळी पाऊस सुरू झाला की होते. आम्ही गेलो तेव्हा माणसे पट्ट्यात ओणवी होऊन पेरू उपटत होती.